वेश उतरवण्याचा हक्क

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, विल्यम्सबर्ग नावाच्या गावी, आजही एक मोची जोडे शिवत बसतो. मेण आणि डांबर चोळलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना तो डुकराचा राठ केस गुंफतो, कारण जाड चामड्यातल्या वाकड्या भोकातून सुईपेक्षा केस सहज जातो. आरीने भोक पाडायचं, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा ओवायचा आणि दोन्ही हात फाकवून टाका आवळायचा. त्याच्या जोडांत डावा-उजवा हा भेद नाही. अठराव्या शतकात दोन्ही पायांचे जोडे बहुधा एकाच सरळ फर्म्यावर होत. अंगात सैल सदरा, गुडघ्याशी बंद होणारी विजार, लांब मोजे, वर चामड्याचा एप्रन. समोर पर्यटक उभे असतात. कुणी विचारतं, एका जोडाला किती वेळ लागतो? तो सांगतो. संध्याकाळी दुकान बंद होतं, तो कपडे बदलतो आणि गाडी काढून घरी जातो.

या शेवटच्या वाक्याकडे आपलं लक्ष जात नाही. मला वाटतं, अशा संग्रहालयांबद्दलचा सगळा नैतिक प्रश्न त्या वाक्यातच आहे.

विल्यम्सबर्ग १६९९पासून १७८०पर्यंत व्हर्जिनियाची राजधानी होतं. राजधानी रिचमंडला हलली तसं गाव मागे पडलं, आणि मागे पडलं म्हणूनच त्यातली बरीचशी जुनी घरं शाबूत राहिली. १९२६मध्ये गुडविन नावाच्या तिथल्या पाद्र्याने धाकट्या जॉन डी. रॉकफेलर यांचं मन वळवलं आणि तेलाच्या पैशांतून अठराव्या शतकातलं गाव पुन्हा उभं राहू लागलं. आज सुमारे तीनशे एकरांवर ते पसरलं आहे. ऐंशीहून अधिक इमारती मूळच्या, आणि शेकडो जुन्या पायांवर नव्याने बांधलेल्या. त्यांत लोहारशाळा आहे, छापखाना आहे, लाकडी पिंपं करणारे आहेत, केसांचे टोप विणणारे आहेत, विणकर आहेत, शिंपी आहेत. 'जिवंत इतिहासाचं संग्रहालय' म्हणतात ते हे. इथे वस्तू काचेआड नसते, ती कुणाच्या तरी हातात असते.

आणि हातात असल्याने जे कळतं, ते काचेआडून कधीच कळलं नसतं. मार्गारेट हंटर नावाच्या बाईंचं तिथे कापडचोपडाचं दुकान होतं. आज त्या दुकानात अठराव्या शतकातले झगे शिवले जातात. तेव्हा बायकांच्या कपड्यांना खिसा शिवलेला नसे. खिसा म्हणजे नाडीने कमरेला बांधायची वेगळी पिशवी, घागऱ्याच्या आत लपलेली. झगा पुढून टाचण्यांनी बंद करत. कापड शिलाईपेक्षा कितीतरी महाग, म्हणून ते जपून कापायचं, पुढे उसवून नव्या चालीचं करता येईल असं शिवायचं. देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालून ताठ केलेली काचोळी पाठीचा कणा सरळ धरते. ती घातलेली बाई कंबरेत वाकत नाही, मांडीच्या सांध्यात वाकते. हे वाचून समजतं, पण दिवसभर ते घालून चूल पेटवणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बाईला ते शरीरातून समजतं. तिची चाल बदलते, बसणं बदलतं. कपडा हाही एक दस्तऐवज आहे, आणि तो वाचायला अंग लागतं.

त्या दुकानात आपल्या ओळखीचं कापडही भेटतं. कोरोमंडल किनाऱ्यावर रंगवलेली छीट व्हर्जिनियापर्यंत जात असे. आपल्या लोकरीच्या आणि रेशमाच्या विणकरांना वाचवायला इंग्लंडने १७०० आणि १७२१च्या कायद्यांनी स्वतःच्या घरात छिटेवर बंदी घातली, पण वसाहतींना ती विकायला मोकळीक ठेवली. तिथले सुखवस्तू पुरुष घरी असताना टोप उतरवून एक सैल झगा घालत. त्याला म्हणत 'बनियन'. हा शब्द आपल्या वाण्याच्या भावकीतला. हिंदुस्थानी व्यापाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा पोशाख व्हर्जिनियाचा जमीनदार आरामासाठी चढवत होता. आपल्याकडे तोच शब्द पुढे गंजिफ्राकापर्यंत येऊन पोचला.

परक्या माणसाचा वेश मजेखातर चढवायचा आणि कंटाळा आला की उतरवायचा, ही त्या काळातही श्रीमंती होती. तिची दुसरी बाजू म्हणजे दक्षिण कॅरोलायना या वसाहतीचा १७४०चा कायदा. गुलामांनी कोणतं कापड वापरावं याची त्यात यादीच आहे: जाडंभरडं लोकरी कापड, ऑस्नाबर्ग नावाचं खरबरीत ताग्यातलं कापड, चौकड्यांचं साधं सुती, असं काही. यादीबाहेरचं चांगलं कापड गुलामाच्या अंगावर दिसलं तर ते काढून घ्यायची शिपायांना मुभा होती. म्हणजे एकाच समाजात एका माणसाला जगभरचे कपडे बदलत बसायची चैन होती आणि दुसऱ्याच्या अंगावरचं कापड कायद्याने खिळलेलं होतं.

*

या संग्रहालयात खरेपणाच्या दोन जाती आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळून आपली फसगत होते.

लोहारशाळेतला खिळा खरा असतो. लोखंड तापतं ते खरं, हाताला चटका बसतो तो खरा. लोहार होण्यासाठी तिथला शिकाऊ माणूस, आणि आता बाईसुद्धा, पाच-सात वर्षं उमेदवारी करतो. ती उमेदवारी खरी, तिच्या अखेरीस आलेलं कसब खरं. म्हणूनच तिथले बहुतेक कारागीर 'मी १७७०चा लोहार' असं नाटक करत नाहीत. 'ते लोक असं करत' असं साध्या भाषेत सांगतात. त्यांना नाटकाची गरज नाही. काम हे काम आहे. ते अडीचशे वर्षांपूर्वी जितकं खरं होतं तितकंच आज आहे.

सक्ती मात्र तशी खरी करता येत नाही. क्रांतीच्या उंबरठ्यावर विल्यम्सबर्गच्या वस्तीत निम्म्याहून अधिक माणसं काळी होती, आणि त्यांतली बहुतेक गुलाम. हे गाव पुन्हा उभं राहिलं तेव्हा पुढची कित्येक दशकं ती माणसं त्यातून जवळजवळ गायब होती. घरं रंगवली, बागा कातरल्या, चांदीची भांडी घासून मांडली. ती घासणारे हात तेवढे राहिले. १९७९मध्ये काळ्या लोकांचं जगणं सांगण्यासाठी तिथे काळे कलावंत नेमले गेले. १० ऑक्टोबर १९९४ रोजी गुलामांच्या लिलावाचा प्रसंग भर रस्त्यात सादर झाला. तो घडवून आणला त्या विभागाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन यांनी, आणि विकल्या जाणाऱ्या एका बाईची भूमिका त्यांनी स्वतः केली. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनांचे लोक निषेधाला आले होते. आमच्या पूर्वजांच्या यातनेची करमणूक करू नका, हा त्यांचा आक्षेप. कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची बाजू अशी, की हे दाखवलं नाही तर बाकी सगळं खोटं आहे.

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. लिलाव दाखवावा तर तो नाटकच राहणार. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल आणि मग तो जेवायला जाईल. दाखवू नये तर खिळा, जोडा, झगा एवढंच उरेल, आणि या वस्तू फार देखण्या असतात. कसबाचा एक गुण असा, की ते ज्या परिस्थितीत घडलं तिची घाण ते आपल्या अंगाला लागू देत नाही. टाका सरळ असला की सरळच दिसतो, मग तो कुणी मजुरी घेऊन घातलेला असो की चाबकाच्या धाकाने. संग्रहालयातली सक्ती अभिनयाने सांगावी लागते आणि कसब प्रत्यक्ष दिसतं. या झुंजीत कसब नेहमीच जिंकणार.

पुराव्याचंही तसंच. रिचर्ड हँडलर आणि एरिक गेबल या मानववंशशास्त्रज्ञांनी विल्यम्सबर्गचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या ध्यानात आलं की मालकाच्या घराबद्दल बोलताना वाटाड्ये अंदाजाने सहज बोलत. पण मालक आणि गुलाम बाई यांच्या संबंधांतून झालेल्या मुलांचा विषय निघाला की कागद आहे का, असा प्रश्न उभा राही. ज्यांनी कागद लिहिले त्यांच्याबद्दल कल्पनाही चालते आणि ज्यांच्याबद्दल कुणी लिहिलंच नाही त्यांच्याबद्दल सत्यसुद्धा पुरावा मागतं.

*

मग गुलामांच्या कपड्यांबद्दल आज जे माहीत आहे ते कळलं कुठून? त्यातलं बरंचसं जाहिरातींतून. 'व्हर्जिनिया गॅझेट' हे वर्तमानपत्र विल्यम्सबर्गलाच छापलं जाई. पळालेल्या गुलामाला पकडून देण्यासाठी मालक त्यात जाहिरात देत, आणि माणूस ओळखू यावा म्हणून त्याच्या अंगावर काय होतं ते लिहीत: कोट कोणत्या रंगाचा, विजार कशाची, जोडे कसे. आजचा शिंपी विल्यम्सबर्गच्या गुलामाचा सदरा शिवायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर असतं ते असंच वर्णन. पाठलाग करणाऱ्याने पळणाऱ्याचं केलेलं वर्णन.

याच जाहिरातींत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. पळताना त्याने दुसरे कपडेही नेले आहेत, तो वेश बदलेल, स्वतंत्र माणूस म्हणून वावरेल, असा इशारा मालक देतो. म्हणजे ज्या कागदावरून आपण गुलामाचा पोशाख जुळवतो तोच कागद ओरडून सांगतोय की हा माणूस तो पोशाख टाकायला निघाला आहे.

यातली एक जाहिरात सप्टेंबर १७६९ची आहे. जाहिरात देणारा तरुण जमीनदार म्हणजे थॉमस जेफरसन; सात वर्षांनी सगळी माणसं समान असल्याचं घोषणापत्र याच हाताने लिहिलं. पळालेल्या माणसाचं नाव सँडी. वय सुमारे पस्तीस, उंची कमी. धंद्याने मोची, मुख्यतः डाव्या हाताने काम करतो, जाडंभरडं सुतारकामही येतं. दारू पितो, उर्मट बोलतो, अशी तक्रारही आहे. जाताना एक पांढरा घोडा आणि आपली मोच्याची हत्यारं घेऊन गेलाय, तेव्हा त्याच धंद्यावर कुठेतरी काम मिळवायचा प्रयत्न करील. सँडी सापडला. १७७३मध्ये जेफरसनने त्याला शंभर पौंडांना विकलं.

विल्यम्सबर्गच्या मोच्याच्या दुकानात आरी, रापी, फर्मा मांडलेला असतो. सँडीने बरोबर घेतलेली हत्यारं साधारण हीच असणार. त्याच्यासाठी ती 'वारसा' नव्हती. ती त्याची शिदोरी होती. कसब मालकाच्या उपयोगाचं होतं म्हणून तो मालकाला मोलाचा होता, आणि तेच कसब परगावी चार पैसे मिळवून देईल म्हणून ते त्याचा निसटायचा रस्ताही होतं. एकाच आरीत दोन्ही गोष्टी. नुसती सक्ती सांगितली तर सँडीचा डावा हात आपण त्याच्यापासून हिरावून घेतो. त्याच्या हातातली कला जणू मालकाचीच होती असं होतं. नुसती कला दाखवली तर त्याचं पळणं हिरावून घेतो. आणि मला वाटतं, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात त्याचं स्वतःचं असं काही असेल तर ते पळणंच होतं.

*

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण कोल्हापूरजवळ कणेरी मठात सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय पाहिलेल्या माणसाला ते सोडून देता येत नाही. तिथे जुन्या खेड्यातली कामं माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभी केली आहेत: बारा बलुतेदार, शेतकरी, घरातल्या बायका. कारागिरी बारीक आहे. दावं, मोट, भाता, ऐरण, सगळं जागच्या जागी. शाळांच्या सहली येतात, आजोबा नातवाला 'हे आमच्याकडे असायचं' म्हणून सांगतात, आणि हा आनंद खोटा नाही. ट्रॅक्टर आणि प्लॅस्टिकमध्ये वाढलेल्या मुलाला सुगी म्हणजे काय ते दाखवणं चांगलंच आहे.

पण पुतळ्याची एक सोय असते. तो 'नाही' म्हणत नाही. संध्याकाळी घरीही जात नाही. आणि बलुतेदारीत नेमका प्रश्न होता तो 'नाही' म्हणण्याचाच. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५च्या 'गावगाडा'त या व्यवस्थेचा बारीकसारीक हिशेब मांडला. कुणाचं काम काय, सुगीला धान्यात वाटा किती, मान कुठे, अपमान कुठे. त्या व्यवस्थेत कसब आणि जन्म एका दाव्याला बांधलेले होते. विल्यम्सबर्गमध्ये उमेदवारी करून कुणीही मोची होऊ शकतो. इथे मोची कुणी व्हायचं ते जन्माआधीच ठरलेलं होतं, आणि त्याने काय व्हायचं नाही तेही.

समजा उद्या आपण पुतळ्यांऐवजी जिवंत माणसं बसवायची ठरवली. चर्मकाराच्या जागी कुणाला बसवणार? त्याच जातीच्या माणसाला बसवलं तर जन्माने धंदा देण्याची जुनीच रीत आपण पगारपत्रकावर आणली. दुसऱ्याला बसवलं तर तो विल्यम्सबर्गच्या जमीनदारासारखा परका वेश हौसेने चढवणारा ठरेल का? आपल्या शाळा-कॉलेजांतल्या 'ट्रॅडिशनल डे'ला नऊवारी, फेटे, मावळ्यांचे अंगरखे यांची रेलचेल असते. कुणी काठी-घोंगडी घेऊन गावची चाकरी करणारा होत नाही. आपल्याला न सांगताही कळतं की काही वेश म्हणजे कापड आणि काही वेश म्हणजे जखम.

त्या जखमेचा इतिहास आपल्याकडे लिहिलेला आहे, आणि तो बहुतांशी सोडण्याचा, नाकारण्याचा आहे. १८९०च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केस कापायला नकार दिला. वस्तरा तोच, हात तोच. पण या डोक्यावर तो चालणार नाही असं त्यांनी ठरवलं. १९२७मध्ये महाडला मेलेली जनावरं ओढण्याचं काम सोडण्याचं ठरलं. त्याच वर्षी डिसेंबरात, महाडच्याच सत्याग्रह परिषदेत, डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना सांगितलं की तुमच्या नेसण्यावरून आणि अंगावरच्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते. ते बदला, लुगडं घोट्यापर्यंत नेसा. अनेकींनी तिथल्या तिथे नेसण बदललं, असं त्या परिषदेच्या हकिगती सांगतात. पुढच्याच वर्षी त्यांनी वतनाच्या कायद्यात बदल करण्यासाठी मुंबई कौन्सिलात विधेयक मांडलं. गावकामगारांची ही कनिष्ठ वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं.

ऑस्नाबर्गचा सदरा टाकून दुसरे कपडे घेऊन पळणारा व्हर्जिनियातला गुलाम आणि महाडमध्ये नेसण बदलणारी बाई यांच्यात दीडेकशे वर्षांचं आणि एका महासागराचं अंतर आहे. त्यांची दुःखंही एक नाहीत, आणि ती एका तागडीत घालायची नाहीत. पण दोघांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, जी जुन्या कपड्यांच्या प्रेमात पडलेला माणूस विसरतो. अंगावरचा वेश हे दुसऱ्याने आपल्यावर लिहिलेलं वाक्य असू शकतं. ते खोडण्याची सुरुवात वेश बदलण्यापासून होऊ शकते.

*

संग्रहालयाचा स्वभाव जपण्याचा. कपडा जपायचा, अवजार जपायचं, काम करायची पद्धत जपायची. सोडून दिलेली गोष्ट मात्र तिथे 'लुप्त झालेली' म्हणून मांडली जाते. पाटीवर लिहिलेलं असतं की ही कला आता नामशेष होत आहे. वाचणाऱ्याला हळहळ वाटते. ती कला आपोआप मेली की कुणी ठरवून सोडली, हे पाटी सांगत नाही. काही धंदे यंत्राने मारले, हे खरं. पण काही माणसांनी आपल्या धंद्याला विचारपूर्वक पाठ दाखवली. मुलाच्या हातात रापी देण्याऐवजी पाटी-पेन्सिल दिली आणि त्याला शहरात धाडलं. त्यांच्या त्या निर्णयावर हळहळणं म्हणजे न कळत मालकाच्या बाजूने हळहळणं.

म्हणजे जपूच नये असं मला म्हणायचं नाही. उलट आहे. जोडा कसा शिवतात हे कुणाच्या तरी हातांत जिवंत राहायला हवं, नाहीतर सँडीला काय येत होतं हेही आपल्याला कळणार नाही. फक्त त्या हातांबद्दल काही अटी असाव्यात. शिकायला कुणालाही येता यावं. शिकवणाऱ्याचं नाव पाटीवर असावं आणि त्याला चांगला पगार असावा. एखादा वेश चढवायला, एखादी भूमिका करायला त्याला नकार देता यावा, आणि भूमिकेत असतानाही स्वतःच्या तोंडाने बोलता यावं. कोलमन यांच्या लिलावाला काही नैतिक वजन होतं ते यामुळे, की तो विकल्या गेलेल्यांच्या वंशातल्या माणसांनी स्वतः ठरवून, स्वतः उभं राहून केला. कुणी त्यांना त्या ओट्यावर उभं केलं नव्हतं.

आणि जपलेल्या प्रत्येक वस्तूशेजारी तिचं सोडणंही मांडलं जावं. मोच्याच्या दुकानात सँडीची जाहिरात टांगावी. सँडी कोण होता एवढ्यासाठी नको, तर आरीचा उपयोग जोडे शिवण्यापलीकडे काय होता हे कळावं म्हणून. न्हाव्याच्या धोकटीशेजारी त्या संपाची हकिगत असावी. लुगड्यांच्या दालनात नेसण्याच्या दहा पद्धती असतील तर महाडला कोणती नेसण सोडली गेली, ते अकरावं असावं. शाळेची मुलं मग विचारतील, 'हे त्यांनी का सोडलं?' आजोबांना उत्तर द्यायला थोडं जड जाईल. काहीजण पुढच्या दालनाकडे वळतील. पण एखादे आजोबा थांबतील, त्यांच्या वडिलांनी काय सोडलं ते सांगतील, आणि त्या मुलाला त्या दिवशी जुन्या काळातली सगळ्यात अवघड कारागिरी बघायला मिळेल.